कुंपणावरची सही

पावसाळा सरत आला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाळांच्या कुंपणांवर, घाणेरीच्या झुडपांत, मेंदीच्या रांगांत आणि बांधावरच्या गवतात एक कोळी दिसू लागतो. भीमेच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. दोन्हीकडे पाऊस बेताचा. पण तो पडून गेल्यावर दोन-तीन महिने उडत्या किड्यांची चंगळ असते आणि तेवढ्या मुदतीत हा कोळी वाढून मोठा होतो. त्याचे गोल, चाकासारखे जाळे साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर असते. जाळ्याच्या मध्यभागी तो डोके खाली करून बसतो. आठ पाय दोन-दोनच्या जोड्यांनी जुळवलेले असल्यामुळे लांबून पाहणाऱ्याला चारच पाय आहेत असे वाटते आणि ते फुलीसारखे पसरलेले दिसतात. या फुलीच्या टोकांपासून पुढे जाळ्यात पांढऱ्या रेशमाच्या नागमोडी पट्ट्या विणलेल्या असतात. कोणी घाईघाईने सही ठोकावी तशा. इंग्रजीत याला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. आपण या लेखापुरते त्याला सही-कोळी म्हणू.

आपल्याला दिसतो तो बहुधा नर नसून मादी असते. तिचे शरीर जेमतेम एक सेंटिमीटर लांब. पुढचा भाग, म्हणजे शिरोवक्ष, चांदीसारख्या बारीक केसांनी झाकलेला. मागचे उदर पंचकोनी वाटावे असे, त्यावर पिवळे आणि तपकिरी आडवे पट्टे. नर चार मिलिमीटरांच्या आसपास, तपकिरी, अगदी किरकोळ. तो मादीच्या जाळ्याच्या कडेला कुठेतरी असतो आणि पुष्कळांच्या नजरेस पडतच नाही.

मुलांना हा कोळी दाखवला की दोन प्रश्न ठरलेले. ‘सर, हा चावतो का?’ आणि ‘बाई, याचं नाव काय?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या न पाहताच दिले गेले आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधायला जगाला फार मोठा वळसा घ्यावा लागला. तो वळसा स्टॉकहोम, कैरो, रंगून, जिनोआ आणि कलकत्ता अशा गावांवरून जाऊन शेवटी आपल्या पुण्यात येतो. या लेखात प्रामुख्याने त्या वळशाची हकीकत सांगायची आहे. पण पहिला प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही, कारण कोळ्याचा जीव त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो. उत्तर ‘हो’ आले की पायातली चप्पल हातात येते.

आळ कोणावर, करणी कोणाची

जवळजवळ सर्व कोळ्यांना विष असते हे खरे आहे. ते भक्ष्य बधिर करण्यासाठी असते, आणि त्याची मात्रा माशी किंवा नाकतोडा यांच्या मापाची असते. सही-कोळ्याला मुठीत धरून दाबले तर तो चावू शकेल. पण त्याचा परिणाम थोडा वेळ दुखण्यापलीकडे जात नाही. एरवी जाळ्याला धक्का लागला तर तो जाळे जोरजोराने हलवतो, किंवा पटकन जाळ्याच्या दुसऱ्या बाजूला जातो, किंवा सरळ खाली गवतात उडी टाकतो. अंगावर धावून येणे त्याच्या स्वभावात नाही.

मग भीती कशाची? आपल्याकडे ती चाव्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची आहे. सकाळी उठल्यावर मानेवर, गालावर किंवा दंडावर भाजल्यासारखा लाल पट्टा उमटलेला दिसतो, त्यावर बारीक फोड येतात, आग होते. घरातले मोठे माणूस पाहते आणि म्हणते, ‘कोळी मुतला.’ महाराष्ट्रातच काय, उत्तर हिंदुस्थानातही हीच समजूत आहे. शाळेतही असे मूल येते आणि वर्गाच्या कोपऱ्यातली जळमटे त्याच दिवशी झाडूने साफ होतात.

कोळ्याचे उत्सर्जन हा पांढरट, घट्टसर पदार्थ असतो. त्यात मुख्यतः ग्वानिन असते आणि त्याने कातडी भाजत नाही. असे पट्टे उठण्याचे एक मोठे कारण म्हणजे पीडेरस नावाचा एक लांबट भुंगेरा. तो सात ते दहा मिलिमीटर लांब असतो. अंगावर नारिंगी आणि काळ्या रंगाचे आडवे भाग, पंख आखूड, चालताना शेपटाकडची बाजू वर उचललेली. ओलिताच्या शेतात, दमट मातीत तो राहतो, पिकावरचे बारीक किडे खातो, आणि पावसाळ्यात रात्री दिव्याकडे येतो. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि घरात उघड्या खिडकीजवळ जळणारा दिवा, हा योग दौंड भागात जुळायला वेळ लागत नाही. झोपेत तो मानेवर आला आणि आपण हाताने चिरडला की त्याच्या शरीरातला दाहक द्रव कातडीवर पसरतो. या द्रव्याला पीडेरिन म्हणतात. इटलीत पावान आणि बो यांनी १९५३ मध्ये ते वेगळे केले. मेख अशी की फोड लगेच येत नाहीत. साधारण एक दिवस जातो, कधी त्याहून जास्त. तोवर भुंगेरा कुठे गेला ते कोणाला ठाऊक नसते आणि छताच्या कोपऱ्यात कोळी मात्र जागच्या जागी बसलेला असतो. आळ घ्यायला तोच सापडतो.

यातला एक भाग विशेष आहे. केल्नर आणि डेटनर या जर्मन संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले की पीडेरिनमुळे या भुंगेऱ्याच्या अळ्यांचे ज्यांच्यापासून रक्षण होते ते मुख्यतः कोळी आहेत. जमिनीवर हिंडणारे लांडगा कोळी अशा अळ्या तोंडाला लावून सोडून देतात. म्हणजे ज्या विषाचा ठपका आपण कोळ्यावर ठेवला, ते विष कोळ्याविरुद्धच उपयोगी पडते. (असा पट्टा उठलेला दिसला तर साबण आणि पाण्याने जागा धुवावी, चोळू नये, डोळ्याला हात लावू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. नागीण या विषाणुजन्य रोगाचे फोडही असेच दिसू शकतात आणि त्याचे औषध वेगळे आहे.)

कोळ्यावर आळ घेण्यात आपण एकटे नाही. दक्षिण इटलीतल्या तारांतो गावाच्या परिसरात काही शतके अशी समजूत होती की एक मोठा कोळी चावला की माणूस भ्रमिष्ट होतो आणि दमेपर्यंत नाचल्यावरच बरा होतो. तिथल्या लोकांचे नाचाचे संगीत यावरून ओळखले जाऊ लागले. ज्या कोळ्याला यासाठी धरले होते तो शेतात बिळात राहणारा लांडगा कोळी होता आणि त्याच्या चाव्याने असे काही होत नाही. त्या कोळ्याचे शास्त्रीय नाव लायकोसा टॅरेंटुला. हे ‘लायकोसा’ कुलनाव आपण लक्षात ठेवू. ते पुढे पुण्यात पुन्हा भेटणार आहे.

मोजणारे आले, पण

पुणे जिल्हा हा काही निसर्गाच्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला मुलूख नव्हे. पेशवाई संपल्यावर मुंबई सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. साइक्स पुढची काही वर्षे या भागात हिंडले. धान्याचे भाव, लोकसंख्या, हवेचा दाब, पाऊस असे सर्व त्यांनी टिपलेच. शिवाय पक्ष्यांची मोठी यादी १८३२ मध्ये छापली, भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांतले मासे वर्णन केले, आणि पुण्यात गवताचे बी साठवणाऱ्या मुंग्यांवर लिहिले. माळावरच्या एका चंडोलाला आजही त्यांचे नाव आहे. मुंगीसारख्या लहान जिवाकडे वाकून पाहणारा हा माणूस होता. तरी त्यांच्या याद्यांत कोळी नाहीत. १८८५ मध्ये पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर तीन भागांत निघाले. त्यात जनावरे, पक्षी, मासे यांना जागा मिळाली, कोळ्यांना नाही.

याला केवळ उदासीनता म्हणता येणार नाही. फुलपाखरू किंवा भुंगेरा टाचणीला टोचून पेटीत ठेवला की वर्षानुवर्षे तसाच राहतो. कोळ्याचे उदर मऊ असते. तो वाळला की आक्रसतो, चुरगळतो आणि ओळखू येईनासा होतो. त्याला मद्यार्कात बुडवून काचेच्या बाटलीत ठेवावे लागते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बैलगाडीतून मुक्काम हलवणाऱ्या संग्राहकाला शेकडो बाटल्या सांभाळणे किती अवघड गेले असेल ते आपण समजू शकतो. आणि बाटलीत ठेवूनही रंग टिकत नाहीत. सही-कोळ्याची चांदी आणि त्याचे पिवळे पट्टे मद्यार्कात हळूहळू जातात. जाळे तर बाटलीत येतच नाही. ज्या सहीवरून मूल हा कोळी लांबून ओळखते, तीच नेमकी कुंपणावर राहून जाते. कोळ्यांच्या ज्ञानाचा पुढचा सगळा इतिहास वाचताना ही अडचण मनात ठेवावी.

नाव कुठून आले

प्राण्यांना दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून सुरू झाली असे आपण शिकवतो. कोळ्यांचा याला एक अपवाद आहे. लिनियसचाच देशबांधव कार्ल क्लर्क याने १७५७ मध्ये स्वीडनमधल्या कोळ्यांवर रंगीत चित्रांचे पुस्तक काढले आणि त्यात दोन शब्दांची नावे वापरली. हा गृहस्थ पेशाने करखात्यातला अधिकारी. पुढे प्राणिनामांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले तेव्हा क्लर्कच्या नावांना मान्यता देण्यात आली आणि त्यांना लिनियसच्याही आधीचा मान मिळाला. नियमांत त्यासाठी खास कलम आहे.

सही-कोळ्याचे कुलनाव आहे अर्जिओपी. हा ग्रीक पुराणातला शब्द. एका अप्सरेचे नाव, अर्थ ‘उजळ चेहऱ्याची’. ते छापले गेले १८२६ मध्ये, पण त्याची सुरुवात १७९८ मध्ये नेपोलियनच्या इजिप्तवरील स्वारीत आहे. त्या फौजेबरोबर शास्त्रज्ञांचा एक ताफा गेला होता. त्यात सॅव्हिन्यी हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याने इजिप्तमधले कोळी आणि कीटक गोळा केले, परत येऊन त्यांची अत्यंत बारीक चित्रे करवून घेतली, आणि या कामातच त्याचे डोळे गेले. उजेड सहन होईना. चित्रफलक तयार, पण त्यांची वर्णने लिहायला लेखक असमर्थ, अशी स्थिती झाली. शेवटी ऑदुँ या दुसऱ्या शास्त्रज्ञाकडे काम सोपवले गेले आणि त्याने चित्रे पाहून खुलासे लिहिले. म्हणून नावापुढे ऑदुँ आणि १८२६ असे येते. आपल्या वर्गाच्या भिंतीवर उड्या मारत माश्या पकडणारा, डोक्यापासून मागेपर्यंत पट्टे असलेला कोळी आहे ना, प्लेक्सिपस पेकुली, त्याचेही पहिले वर्णन याच खुलाशांतले. सॅव्हिन्यीचे नाव शाळेच्या पुस्तकात येत नाही. यायला हरकत नसावी.

कुलनाव झाले. जातिनाव आले ब्रह्मदेशाच्या वाटेने. लिओनार्दो फेआ हा इटालियन संग्राहक १८८५ पासून काही वर्षे ब्रह्मदेशात हिंडत होता. त्याने पाठवलेल्या कोळ्यांच्या बाटल्या जिनोआच्या संग्रहालयात पोचल्या. त्या तपासायला दिल्या थोरेल या स्वीडिश अभ्यासकाकडे. थोरेल यांनी १८८७ मध्ये ब्रह्मदेशातल्या कोळ्यांवर दीर्घ निबंध लिहिला, तो इटलीत छापला, वर्णने लॅटिनमध्ये केली. आणि त्यात आपल्या कोळ्याला नाव मिळाले: अर्जिओपी अनसुजा. या नावातल्या शेवटच्या ‘ज’चे रोमन अक्षर स्वीडिश आणि लॅटिन रीतीने ‘य’ असे वाचतात. तसे वाचून पाहा. अनसूया! कालिदासाचे शाकुंतल १७८९ पासून भाषांतरांतून युरोपात वाचले जात होते. शकुंतलेच्या सखीचे नाव तिथे अनोळखी नव्हते. स्वीडनच्या माणसाने इटलीत बसवलेले हे नाव शिरूरच्या मुलाला इंग्रजी नावापेक्षा जवळचे वाटेल अशी आमची अटकळ आहे. एकदा सांगून पाहावे.

हिंदुस्थानात या काळात काम अगदीच थांबले होते असे नाही. भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरीला असलेले मोरावियाचे फर्डिनंड स्टोलिच्का यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८६९ मध्ये हिंदी कोळ्यांवर निबंध लिहिला. मुख्य काम जीवाश्मांचे, कोळी हा फावल्या वेळचा नाद. निवडुंगात आणि काटेरी झुडपांत तंबूसारखे जाळे करणारा एक कोळी आणि पानांवर बसणारा हिरवागार लिंक्स कोळी ही दोन नावे त्यांनी दिलेली आहेत. १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये त्यांचा मृत्यू झाला. १९०० मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले पोकॉक यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत विंचू आणि कोळी यांचा खंड लिहिला. त्यात कोळ्यांची काहीच कुटुंबे आली. उरलेल्यांचा खंड त्या मालेत कधी निघाला नाही. पुढची साठ-सत्तर वर्षे हिंदी कोळ्यांचे काम तुटक लेखांतूनच चालू राहिले.

पुण्यातले टिकादार

भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ मध्ये पुण्यात सुरू झाले. तिथे बिनय कृष्ण टिकादार या बंगाली शास्त्रज्ञाने कोळ्यांचे काम हाती घेतले. त्यांचा महाराष्ट्र आणि म्हैसूर राज्यांतील कोळ्यांवरचा लेख १९६३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. पुण्यात छापलेल्या आणि आपल्या भागाच्या कोळ्यांविषयी असलेल्या या लेखाला, इतका वळसा घेऊन आल्यावर, आपण थोडे थांबून पाहायला हवे. आता नमुने ब्रह्मदेशातून इटलीला जात नव्हते. ज्या माळावर कोळी सापडला, त्याच जिल्ह्यात तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जात होता.

हे पाहणे म्हणजे काय, ते विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. कोळ्याची जात रंगावरून नक्की होत नाही. एकाच जातीत रंग बदलतात, आणि दोन वेगळ्या जाती दिसायला सारख्या असतात. सही-कोळ्याच्याच कुलात अर्जिओपी पुल्केला नावाची जात आहे. तीही पट्टेदार, तीही फुली करते. खात्री करायची तर पूर्ण वाढलेल्या मादीच्या उदराखालचे, अंडी बाहेर पडण्याच्या जागेवरचे कठीण पटल पाहावे लागते. प्रत्येक जातीत त्याची घडण वेगळी असते. नराच्या बाबतीत तोंडाजवळच्या मिशीसारख्या अवयवाचे टोक पाहतात. पिल्लू हाती आले तर भल्याभल्या तज्ज्ञालाही जात सांगता येत नाही. टिकादारांनी अशा हजारो बारीक भागांची चित्रे काढून ‘फॉना ऑफ इंडिया’चे कोळ्यांचे खंड तयार केले: पहिला १९८०चा, दुसरा १९८२चा. दुसऱ्या खंडात गोल जाळ्यांच्या कोळ्यांचे कुटुंब आहे आणि आपली अनसूयाही त्यात आहे. पहिल्या खंडात मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी वर्णन केलेला एक लांडगा कोळी आहे, लायकोसा पूनाएन्सिस. इटलीत ज्या कुळाने माणसांना नाचवले, त्या कुळाला पुण्याचे नाव लागले. त्याआधी १९७० मध्ये सिक्कीमच्या कोळ्यांवरील पुस्तकात त्यांनी लिंक्स कोळ्यांना दिलेली नावे अशी: रत्ना, सुनंदा, शकुंतला. अनसूयेला सखी मिळायला त्र्याऐंशी वर्षे लागली म्हणायची.

टिकादार पुढे सर्वेक्षणाचे संचालक झाले. त्यांच्या १९८७च्या हस्तपुस्तकात भारतातल्या जातींची संख्या हजाराच्या थोडी वर होती. आज ती दोन हजारांच्या घरात आहे. त्यांनी नवीन म्हणून नोंदवलेल्या काही जाती नंतरच्या तपासणीत जुन्याच निघाल्या आणि त्यांच्या काही चित्रांवरून जात ठरवणे अवघड जाते, अशी टीका अभ्यासक करतात. ती योग्यच आहे. पण टीका करायला ज्यावर बोट ठेवावे असे काही आधी हवे असते, ते त्यांनी एकहाती उभे केले. आमची तक्रार वेगळी आहे. हे खंड इंग्रजीत आहेत, तज्ज्ञांसाठी आहेत, आणि पुण्यात झालेले हे काम पुण्यापासून तासा-दोन तासांच्या अंतरावरच्या शिरूर-दौंडच्या शाळांत पोचले नाही. तिथे अजून ‘कोळी मुतला’ हेच ज्ञान चालू आहे.

सही कशासाठी

बाटलीबंद कोळ्यांच्या अभ्यासातून नाव मिळाले. पण सहीचा अर्थ बाटलीत सापडण्यासारखा नव्हता. फ्रेंच अभ्यासक सिमाँ यांनी १८९५ मध्ये या पांढऱ्या पट्टीला ‘स्टॅबिलिमेंटम’ असे नाव दिले, म्हणजे जाळ्याला स्थैर्य देणारी वस्तू. नाव चिकटले, अर्थ मात्र टिकला नाही. पट्टी जाळ्याला सैलसर जोडलेली असते. ती काढली म्हणून जाळे कोसळत नाही. कित्येक जाळ्यांत पट्टीच नसते, तरी ती उभी असतात. आज त्रास द्यावा असा प्रश्न म्हणून तो वर्गात ठेवता येतो: एक सेंटिमीटरचा प्राणी रोज नवे जाळे विणतो, ते दिसू नये अशी त्याची गरज आहे, आणि त्याच जाळ्यावर तो ठळक पांढरी खूण का करतो?

आयस्नर आणि नोविकी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कोळी नसलेल्या जाळ्यांपैकी काहींवर त्यांनी कृत्रिम पांढऱ्या पट्ट्या बसवल्या आणि सकाळभर कोणती जाळी शाबूत राहतात ते पाहिले. खूण नसलेली जाळी लवकर फाटली. खूण असलेली बरीच टिकली. उडणाऱ्या पक्ष्याला खूण दिसते आणि तो जाळे टाळतो, असा त्यांचा अर्थ. १९९० मध्ये क्रेग आणि बर्नार्ड यांनी पनामातील याच कुलाच्या कोळ्यावर काम करून वेगळेच सांगितले. या पट्टीवरून अतिनील किरण परावर्तित होतात, फुलेही तसे करतात, आणि म्हणून कीटक तिच्याकडे ओढले जातात. पक्ष्यांसाठी पाटी की कीटकांसाठी आमिष? १९९९ मध्ये ब्लॅकलेज आणि वेन्झेल यांनी दोन्ही बाजू एकत्र मोजल्या. त्यांच्या कोळ्यांत पट्टी असलेल्या जाळ्यांचे पक्ष्यांकडून होणारे नुकसान कमी झाले. पण त्याच जाळ्यांत कीटकही सुमारे ३० टक्के कमी सापडले. म्हणजे संरक्षण मिळते, पण त्यासाठी पोटाला चिमटा बसतो. इतर जातींवरच्या इतर प्रयोगांत निकाल पुन्हा उलटसुलट आले. शिवाय एक विचार असा आहे की पट्टीचे रेशीम आणि भक्ष्य गुंडाळण्याचे रेशीम एकाच जातीचे आहे. तेव्हा या दोन कामांचा आपसात संबंध असावा. वाद मिटलेला नाही. प्रत्येक जातीत, कदाचित प्रत्येक वयात, उत्तर वेगळे असू शकेल. या कुलातली कित्येक पिल्ले फुलीऐवजी मध्याभोवती गोल चकती विणतात.

शिरूर-दौंडच्या शाळेला इथे काम आहे. सूक्ष्मदर्शक नसेल तर पुल्केला आणि अनसूया यांत निवाडा करू नये. वहीत नुसते ‘सही-कोळी’ लिहावे. पण इतर गोल जाळ्यांच्या कोळ्यांपासून त्याला वेगळे काढणे अवघड नाही. संध्याकाळी जाळे विणून सकाळी ते गुंडाळणारा, दिवसा पानाआड पाय जवळ घेऊन बसणारा तपकिरी कोळी वेगळा, तो निओस्कोना. तिरपे किंवा आडवे जाळे करणारा, लांब पायांचा, चंदेरी-हिरवा तो ल्युकॉज. आपला कोळी भर दुपारी उभ्या जाळ्याच्या मध्यावर बसतो. नंतर एखादे कुंपण ठरवून घ्यावे आणि महिनाभर, ठरावीक दिवशी, त्यावरची जाळी मोजावी. प्रत्येक जाळ्यासाठी तारीख, झुडूप, जमिनीपासूनची उंची, पट्टीचे हात किती (शून्य ते चार), आणि जाळ्यात अडकलेले काय, एवढे टिपावे. हात न लावता. फुलीचे चारही हात रोज असतात असे मुले गृहीत धरतात. तसे नसते, हे पहिल्या आठवड्यातच त्यांच्या लक्षात येईल. ऊन, सावली, कोळ्याचे पोट भरलेले आहे की नाही, यांचा हातांच्या संख्येशी काही मेळ बसतो का ते पाहावे. कुंपणाला लागून असलेल्या कांद्याच्या किंवा डाळिंबाच्या शेतात फवारणी झाली तर तो दिवसही वहीत यावा. आधीची मोजणी आणि नंतरची मोजणी दोन्ही हाताशी असतील. नीफेलर आणि बिर्कहोफर यांच्या २०१७च्या अंदाजानुसार जगातले कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, त्यात मुख्यतः कीटक. त्यातला आपल्या कुंपणाचा वाटा किती, ते मोजायला दुसरे कोणी येणार नाही.

नवे काही सापडण्यासाठी दूरच्या जंगलात जावे लागते असेही नाही. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याची जात नवीन म्हणून प्रसिद्ध झाली आणि चौघा संशोधकांनी तिला आयसियस तुकारामी हे नाव दिले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत हल्लेखोराची बंदूक धरून ठेवत प्राण देणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्यावरून. जगातल्या ज्ञात कोळ्यांच्या जातींची संख्या एप्रिल २०२२ मध्ये ५० हजारांवर गेली.

थंडी वाढली की जाळी कमी होत जातात. नर त्याआधीच संपलेले असतात. या कुलातल्या एका अमेरिकी जातीत तर समागमाच्या अखेरीस नर जागच्या जागी मरतो असे २००३ मध्ये आढळले. मादी शेवटी अंड्यांची रेशमी पिशवी विणून जवळच्या पानाफांद्यांत अडकवते. मेंदीची छाटणी हिवाळ्यात करायची असेल तर त्याआधी कुंपणाचा तेवढा पट्टा तपासावा, आणि पिशवी असलेली फांदी तशीच ठेवून तिथे दोरा बांधून तारीख लिहावी.